लाल उतार, रुपेरी उतार : युन्नानमधल्या एका प्रवासाचं प्रकरण

चीनच्या नैऋत्येला असलेल्या युन्नान प्रांतातल्या रंगीबेरंगी शेतांचे फोटो अनेकांनी पाहिलेले असतात. ते दोन अगदी वेगळ्या जागांचे असतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. विटकरी मातीवर हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्या दिसतात ती जागा दोंगच्वानजवळची, होंगतुदी परिसरातली, म्हणजे प्रांताची राजधानी कुनमिंगच्या ईशान्येला. डोंगरउतारावर पाण्याच्या शेकडो पायऱ्या चमकताना दिसतात ते युआनयांग, कुनमिंगच्या दक्षिणेला, व्हिएतनामच्या सीमेकडे. पहिल्या ठिकाणी कोरडवाहू शेती आहे, बटाटा, सातू, ओट, मोहरीवर्गातली पिकं. दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ वर्षभर पाण्यात असलेली भातखाचरं. दोन्हींच्या मध्ये चारशे किलोमीटरहून जास्त रस्ता, त्यातला बराचसा घाटाचा.

ही दोन्ही ठिकाणं एकाच सुट्टीत, एकाच गाडीतून, दोघींनी पाहायची असं ठरलं तेव्हा या प्रकरणाची सुरुवात झाली. मी फोटो काढते. माझी मैत्रीण कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवते. कॉलेजपासूनची मैत्री आहे, त्यामुळे एकमेकींना स्पष्ट बोलायची सवय आहे. पण डोंगर बघण्याच्या आमच्या दोघींच्या तऱ्हा फार वेगळ्या. मला उजेडाची वेळ गाठायची असते, तिला बांध फुटलेला दिसला की गाडी थांबवायची असते. कोणत्या महिन्यात जायचं, आधी कुठे जायचं, मतभेद झाला तर कुणाचं ऐकायचं, या सगळ्या गोष्टी आधी ठरवाव्या लागल्या. प्रवासात तिने एक प्रश्न इतक्यांदा विचारला की पुढचे निर्णय त्यावरच फिरले. तो प्रश्न होता, "या उताराच्या डोक्यावर काय आहे?"

महिन्याचा पेच सगळ्यात अवघड होता. दोंगच्वानचा लाल रंग नांगरून उघड्या पडलेल्या मातीचा आहे. सगळी शेतं पिकांनी झाकलेली असली तर लाल दिसत नाही आणि सगळी उघडी असली तर बाकीचे रंग दिसत नाहीत. काही शेतं नुकतीच नांगरलेली आणि काही उभ्या पिकांची, असा मेळ वर्षातून साधारण दोनदा जमतो. एकदा मे-जूनमध्ये, बटाटा फुलावर असतो आणि धान्य पिवळं पडत असतं तेव्हा. दुसऱ्यांदा सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, काढणी उरकून पुढच्या पिकाची तयारी चालू असते तेव्हा.

युआनयांगचं वेळापत्रक वेगळं. तिथे वर्षाला भाताचं एकच पीक घेतात. एप्रिल-मेमध्ये लावणी, उन्हाळाभर हिरवं, सप्टेंबरच्या आसपास सोनेरी, मग कापणी. कापणीनंतर बांध दुरुस्त करून खाचरांत पुन्हा पाणी भरतात आणि ते पुढच्या लावणीपर्यंत तसंच ठेवतात. फोटोंमधलं रुपेरी युआनयांग हे या मधल्या महिन्यांतलं, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर नोव्हेंबरची अखेर आणि डिसेंबरचे पहिले दिवस एवढीच फट उरली. मैत्रिणीचं म्हणणं होतं की ही दोन्हीकडची कड आहे. दोंगच्वानचा बहर उतरणीला लागलेला असेल आणि युआनयांगमध्ये काही खाचरं अजून भरायची असतील. ते खरंच होतं. तरीही मी त्याच दिवसांचा आग्रह धरला, कारण माझ्या मते ऐन बहरातलं एक ठिकाण पाहण्यापेक्षा काम चालू असलेली दोन ठिकाणं पाहण्यात जास्त हाती लागतं. शिवाय युन्नानचा पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो. नोव्हेंबरनंतर घाटरस्ते कोरडे असतात, आणि डोंगराळ भागात गाडीने फिरताना हा मुद्दा फोटोंपेक्षा मोठा.

गाडीचा प्रश्न लवकर सुटला. चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालत नाही. तिथला तात्पुरता परवाना काढता येतो, पण आम्ही चालकासह गाडी घेतली. त्यामुळे दोघींनाही खिडकीबाहेर बघता आलं, आणि हा फायदा मी किती मोठा मानते ते सांगून समजणार नाही. नकाशाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चीनमधले नकाशे जीसीजे-02 नावाची स्वतःची निर्देशांक पद्धत वापरतात. जगभर चालणाऱ्या पद्धतीतले अक्षांश-रेखांश तिथे जसेच्या तसे टाकले तर खूण काहीशे मीटर सरकते. सपाट शहरात त्याने फारसं बिघडत नाही. घाटात काहीशे मीटर म्हणजे दरीची पलीकडची बाजू. म्हणून आम्ही प्रत्येक थांब्याचं नाव चिनी लिपीत लिहून घेतलं आणि गाओद या तिथल्या नकाशात शोधून आधीच साठवून ठेवलं. चालकालाही तेच दाखवता आलं.

कुणाचं ऐकायचं याचा तोडगा साधा होता. सकाळ माझी, दुपार तिची. संध्याकाळी ज्या बाजूला ऊन असेल तिथे दोघी.

दोंगच्वानला पहाटे दामाखान नावाच्या ठिकाणी उभं राहिलं की सूर्य समोरच्या रांगेवरून वर येतो आणि उतार एकेक करून पेटत जातात. आधी वरची शेतं, मग मधली, शेवटी गावाची छपरं. तिरप्या उन्हात नांगराची प्रत्येक सरी वेगळी दिसते. आठ-नऊनंतर ऊन डोक्यावर यायला लागलं की हीच माती फिकट आणि धुरकट होते. लेन्सवर ध्रुवक फिल्टर लावला तर मातीवरची चकाकी कमी होऊन लाल पुन्हा गडद दिसतो. संगणकावर रंग वाढवण्यापेक्षा मला हा उपाय प्रामाणिक वाटतो. या जागेचे फोटो इतके भडक करून फिरवले जातात की खरी माती पाहणाऱ्याला ती फिकी वाटावी, आणि ती फिकी मुळीच नाही.

दुपारी मैत्रिणीने शेताच्या कडेचं एक ढेकूळ उचललं, अर्ध्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. भिजलेली बाजू जवळजवळ काळपट लाल झाली होती. "बघ, माती तीच आहे. पाण्याने फक्त उजेड विखुरणं कमी झालं." पावसानंतर हे उतार इतके गडद का दिसतात, याचं उत्तर त्या ढेकळात होतं. मातीच्या लालपणाचं कारण म्हणजे हेमॅटाइट, लोहाचं ऑक्साइड. उष्ण आणि दमट हवामानात खडक हजारो-लाखो वर्षं झिजत राहतो, त्यातली सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. कोकणातला जांभा याच प्रकारच्या प्रक्रियेतून तयार झाला आहे. अशी माती दिसायला श्रीमंत असते, पण अन्नद्रव्यांच्या बाबतीत बरीचशी गरीब. म्हणून इथली शेतं आलटूनपालटून पिकं घेतात, काही मोकळी ठेवतात, आणि त्यातूनच ती ठिगळं-ठिगळं रंगांची नक्षी तयार होते.

मग तिने मला लुओश्याकौ या जागेच्या पलीकडे एका घळीपाशी नेलं. तिथे फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. शेताची कड तुटून खाली गेली होती आणि तळाशी चिखल-दगडांचा वाळलेला ओघळ होता. "डोक्यावर काय आहे?" तिने विचारलं. मी वर पाहिलं. शेतं, त्यांच्यावर शेतं, त्यांच्यावर विरळ गवत.

यामागे मोठा इतिहास आहे. दोंगच्वान हा तांब्याचा मुलूख. अठराव्या शतकात चिंग साम्राज्याच्या टांकसाळींना लागणाऱ्या तांब्याचा मोठा वाटा युन्नानमधून, आणि त्यात दोंगच्वानमधून जात असे. खनिज वितळवायला लोणारी कोळसा लागायचा आणि कोळशासाठी जंगल. या डोंगरांवरचं झाडांचं आच्छादन शतकानुशतकं कमी होत गेलं, त्यात भट्ट्यांचा हात मोठा होता. मुळात इथला भूभाग भ्रंशरेषेवरचा, खडक तुटका आणि उतार तीव्र. झाडं गेल्यावर पावसाळ्यात दगड-चिखलाचे लोट वाहणं हे या भागाचं दुखणंच झालं. जवळच्या ज्यांगज्याकौ घळीत चिनी विज्ञान अकादमीचं अशा लोटांचा अभ्यास करणारं निरीक्षण केंद्र आहे, आणि या विषयातल्या संशोधकांना ही घळ जगभर माहीत आहे. तेव्हा माझ्या कॅमेऱ्याला जो लाल हवा होता तो उघड्या मातीचा होता, आणि माती उघडी असणं हीच तिथली काळजी. मैत्रीण म्हणाली, "उद्या यांनी सगळ्या शेतांत आच्छादन पिकं घेतली तर तुझे फोटो गेले." गेले तर जाऊ देत, असं मी म्हटलं आणि आजही तेच म्हणेन.

तिथून दक्षिणेला, कुनमिंग आणि जिआनश्वै ओलांडून युआनयांगकडे जाणारा रस्ता लांब आणि बराच वेळ सपाट वाटतो. झोप काढायला हरकत नाही, फक्त शेवटच्या टप्प्यात जागं राहावं. गाडी होंग नदीच्या खोऱ्यात उतरत नान्शापर्यंत जाते. तिथली उंची तीनशे मीटरच्याही खाली. डिसेंबरच्या तोंडावरही स्वेटर काढावे लागतात, रस्त्याच्या कडेला केळीच्या बागा दिसतात. मग पूल ओलांडला की रस्ता सरळ आइलाओ पर्वताच्या अंगावर चढू लागतो आणि थोड्याच वेळात आपण हजार मीटरहून जास्त वर असतो, स्वेटर पुन्हा अंगावर. या चढणीत युआनयांगच्या पाण्याचं सगळं गणित आहे. खालच्या गरम खोऱ्यातली वाफ वर चढते, डोंगराच्या गारव्याला धडकून धुकं आणि पाऊस होते, माथ्यावरच्या जंगलात मुरते, झऱ्यांतून गावांत येते, गावांतून खाचरांत, खाचरा-खाचरांतून उतरत पुन्हा नदीत. आम्ही नदीपासून वरपर्यंत गाडीने गेलो म्हणून ते अंगावर कळलं. थेट वर उतरलो असतो तर कळलं नसतं.

आणि मग प्रकरणातला खरा प्रसंग. युआनयांगमधला दुओयीशू नावाचा खाचरांचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून पहाट तिथेच पाहायची असते. आम्ही अंधारात जाऊन प्रवाशांसाठी बांधलेल्या सज्जावर उभ्या राहिलो. उजाडलं, आणि कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. पांढरं, दाट, हलायचं नाव न घेणारं धुकं. हिवाळ्यात इथे हे नेहमीचं आहे आणि ते कधी उठेल याचा भरवसा नसतो.

पर्याय समोर होते. तिथेच थांबून वाट बघायची. किंवा लाओहूज्वै या दुसऱ्या उताराकडे जाऊन नशीब आजमावायचं. किंवा चालकाने सुचवलं तसं आजचा दिवस सोडून जिआनश्वैला परत जायचं, तिथलं जुनं शहर सुंदर आहे आणि धुकं नाही. सकाळ माझी होती, त्यामुळे निर्णयही माझा. मला थांबायचं होतं. मैत्रिणीने शांतपणे सांगितलं, "अगं, हे धुकं म्हणजे यांचं धरण आहे. तू धरणाच्या भिंतीवर उभी राहून पाणी कुठे दिसत नाही म्हणतेस. चल, वर जाऊ."

आम्ही सज्जा सोडला आणि पाटाच्या काठाने गावातून वर चालू लागलो. हा निर्णय बरोबर ठरला, आणि धुकं पुढे उठलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सज्जावरून युआनयांग हे एक चित्र असतं. पाटावरून ते चालू असलेलं काम दिसतं.

हानी या इथल्या जमातीचे लोक इथे 1,300 वर्षांहून अधिक काळ खाचरं राखत आले आहेत. युनेस्कोने 2013 साली जागतिक वारसा यादीत घेतलेला भाग 16,603 हेक्टरचा आहे, त्यात 82 गावं येतात, आणि गावाची जागा ठरलेली असते : वर जंगल, त्याखाली घरं, घरांखाली खाचरं. चार मुख्य पाट आणि 392 उपपाट मिळून 445 किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं गावं सामायिकपणे सांभाळतात. हे आकडे मी घरी वाचले होते. पण पाटाला फाटा फुटतो तिथे आडवं ठेवलेलं लाकूड पाहिलं तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ लागला. लाकडात वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कापलेल्या होत्या. ज्याच्या वाट्याला जेवढं पाणी तेवढी खाच रुंद. काही ठिकाणी लाकडाऐवजी दगड असतो. धार कमी असो की जास्त, वाटणीचं प्रमाण तेच राहतं, आणि कुणी खाच वाढवली तर ती गावाच्या डोळ्यांसमोर असते. पाटावर लक्ष ठेवणारा माणूस गाव नेमतं आणि त्याचा मोबदला पूर्वापार धान्यात दिला जाई. मैत्रीण तिथे वाकून बराच वेळ बसली. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे पाण्याची सामायिक वाटणी, आणि तिथला पाणी वाटणारा पाटकरी तिने विद्यार्थ्यांना शिकवलेला आहे. "नदी वेगळी, डोंगर वेगळा, पण वाद कशावरून होणार हे दोन्हीकडच्या लोकांना आधीच माहीत होतं," ती म्हणाली.

गावाच्या वरच्या बाजूला जंगल सुरू होतं तिथे आम्ही थांबलो. हानी गावांत या जंगलाचा काही भाग पवित्र मानतात, तिथे झाड तोडत नाहीत. धुक्यातून पानांवरून थेंब टपटपत होते, पाऊस नव्हता तरी पायवाट ओली होती. यावेळी तिने तो प्रश्न विचारला नाही.

परतताना एक वयस्कर शेतकरी बांध लिंपत होते. खाचरातला चिखल कुदळीने उचलून बांधाच्या अंगावर थापायचा, कुदळीच्या पाठीने गुळगुळीत करायचा, पुढे सरकायचं. फोनमधल्या अनुवादाच्या मदतीने आम्ही विचारलं की भात कापून झाला, मग हिवाळाभर पाणी कशाला ठेवायचं. त्यांनी सांगितलेल्याचा सारांश असा : खाचर वाळलं की माती तडकते, तडकलेल्या बांधात पावसाळ्याचं पाणी शिरतं, बांध जातो आणि जाताना खालचेही घेऊन जातो. जे रुपेरी पाणी बघायला जगभरातून माणसं येतात ते तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बांधाची निगराणी आहे. त्याच पाण्यात मासे असतात, बदकं फिरतात. गावातल्या खड्ड्यात साठवलेलं शेणखत पाटात सोडून पाण्याबरोबरच खाचरांत पोचवतात, पाठीवर वाहून न्यावं लागत नाही.

काही खाचरं मात्र रुपेरी नव्हती, तांबूस होती, काही तर दाट लाल. मला ती दोंगच्वानसारखी माती वाटावी इतका तो रंग जवळचा होता. मैत्रिणीने हात घालून ओंजळीत काढून दाखवलं. तो अझोला होता. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालायला टाक्यांत वाढवतात तोच तरंगता नेचा. थंडी आणि कडक उजेडाचा ताण बसला की त्याच्यात लाल रंगद्रव्य तयार होतं. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे नीलहरित जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, त्यामुळे तो भाताला खतासारखा उपयोगी पडतो. दोंगच्वानला लाल म्हणजे झिजून उरलेलं, इथे लाल म्हणजे वाढत असलेलं. एकाच प्रवासात, एकाच रंगाच्या या दोन गोष्टी पाहणं मला या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ वाटतं.

धुकं दुपारनंतर फाटलं. बादाचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे संध्याकाळचं ऊन मिळालं आणि फोटोही. इथे एक तांत्रिक बाब : दोंगच्वानला उपयोगी पडलेला ध्रुवक फिल्टर युआनयांगला काढून ठेवावा. तो पाण्यावरचं प्रतिबिंब खातो, आणि इथे तर प्रतिबिंबच हवं असतं. बादाचा उतार तुलनेने सौम्य, दुओयीशूचा त्याहून तीव्र आणि लाओहूज्वैचा सगळ्यात तीव्र, हेही लक्षात ठेवलेलं बरं. उतार जितका तीव्र तितकी खाचरं अरुंद, आणि बांध सांभाळायला माणसं तितकीच जास्त लागतात.

माणसं हाच तिथला खरा प्रश्न आहे. वर्षाला एक पीक आणि सगळं काम हाताने. तरुण मंडळी शहरांकडे जातात. पाणी किंवा हात कमी पडले की एखादं खाचर कोरड्या पिकाकडे वळतं, आणि एकदा वाळलेलं खाचर पुन्हा पाणी धरण्याजोगं करणं कष्टाचं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2010 मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. वारशाच्या यादीने प्रवासी येतात, सज्जे बांधले जातात, मुक्कामाच्या सोयी होतात. बांध लिंपायला कुणी येत नाही. म्हणून माझं मत असं की राहायचं तर गावातल्या घरीच राहावं, आणि तिथला लाल तांदूळ विकत घ्यावा. पैसा पाटाच्या जवळपास तरी पोचतो.

सकाळ एकीची, दुपार दुसरीची ही वाटणी टिकली, कारण दोघींनाही दुसरीच्या वेळेतून काहीतरी मिळत गेलं. आधी दोंगच्वान, मग युआनयांग हा क्रम मात्र आम्हा दोघींच्यात अजून वादाचा आहे. माझ्या मते तोच योग्य, कारण माथा उघडा पडल्यावर काय होतं ते आधी पाहिलं की वरचं जंगल नुसती हिरवळ वाटत नाही. तिच्या मते युआनयांगला सगळे दिवस द्यायला हवे होते आणि जंगलापासून नदीपर्यंत पायी उतरायला हवं होतं. महिन्याबद्दलही तिचं वेगळं म्हणणं आहे. मे महिन्यात दोंगच्वानला बटाटा फुलावर येतो आणि युआनयांगला लावणी संपत आलेली असते. म्हणजे दोन्हीकडे माणसं शेतात असतात, पण पावसाळाही तोंडावर असतो, घळी जाग्या होण्याचे दिवस. पुढच्या खेपेसाठी ती मे म्हणते आहे. मी सप्टेंबरच्या सोनेरी भाताकडे बघते आहे, आणि नकाशावरच्या चिनी लिपीतल्या खुणा दोघींच्याही फोनमध्ये तशाच ठेवल्या आहेत.